शिट्टी वाजली होती

वैजू, तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर दुसऱ्याच भाषणाला उठून बाहेर गेली असतीस आणि मला खिडकीतून खुणा करत बसली असतीस. मी मात्र शेवटपर्यंत बसले, कारण तुझ्या बहिणीने माझा हात घट्ट धरला होता. पहिले बोलले ते सोनेरी चष्म्याचे वकील. तुझी सनद आली तेव्हा 'आता आतल्या बायकाही काळा कोट घालणार' असं तुला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते, तेच. तू हसतमुख होतीस म्हणे. तुझ्या मनात कुणाविषयी कडवटपणा नव्हता म्हणे. मला उठून सांगावंसं वाटत होतं की अहो, ती कारल्याहून कडू होती. तुमचं नाव निघालं की जे काही म्हणायची, ते या सभेत सांगता येणार नाही.

सभेत सगळ्यांनी मिळून एक गंमत केली. आपण जिथे भेटलो, त्या जागेचं नाव कुणीच घेतलं नाही. सगळे 'खडतर काळ' म्हणाले. सहा वर्षं तू कच्ची कैदी म्हणून तुरुंगात होतीस, तिथेच मुक्त विद्यापीठाची बी.ए. झालीस, सुटल्यावर चाळिशी ओलांडून वकिलीला बसलीस, आणि एवढ्या सगळ्याचं यांनी 'खडतर काळ' करून टाकलं. वर 'अपघाती निधन' म्हणाले. तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. उठले नाही. का उठले नाही ते तुला सांगायचं आहे, आणि ते तुला आवडणार नाही.

मी रागावलेली आहे. त्या वकिलांवर, बिल्डरवर, पोलिसांवर, आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर. भांडण अर्धं टाकून जायची ही कुठली पद्धत?

तुला तो पहिला आठवडा आठवतो? मला आणि आईला एकदम आणलं होतं. भावजय स्टोव्हने भाजून गेली होती. मी स्वतः तिच्यावर गोधडी टाकली, माझे हातही पोळले होते, पण कागदावर मी रॉकेल ओतणारी नणंद झाले होते. संध्याकाळी शिट्टी वाजली आणि सगळ्या बायका होत्या तिथे थांबल्या. मी भिंतीला टेकून रडत होते. तू आलीस, माझ्या हाताला धरून मला उभं केलंस आणि म्हणालीस, "रड, पण उभी राहून रड. जोडी लावायची असते. माझी जोडीवाली कालच सुटली." शिट्टी वाजली की जागेवर थांबायचं, शेजारणीचा हात धरायचा, दोघी-दोघींची जोडी, म्हणजे मोजणाऱ्या बाईला सोपं जातं. हललं की गिनती चुकते, गिनती चुकली की सगळी बरॅक तासभर उन्हात. दिवसातून कितीदा ती शिट्टी वाजायची. मी तीन वर्षं तुझा हात धरून मोजली गेले.

तू आत सगळ्यांचे अर्ज लिहायचीस. सोळा ओळींचा अर्ज असला तरी ज्या बाईचा असेल तिला समोर बसवून तीनदा वाचून दाखवायचीस. ती कंटाळायची, जांभया द्यायची, तरी तू सोडायची नाहीस. "काय लिहिलंय ते तुझं तू मला सांग. सांगितलंस की अंगठा दे." सगळ्या तुला 'तीनदावाली' म्हणायच्या. तुझं खरं होतं. विलेपार्ल्यात तू ज्या आजींचा स्वयंपाक करायचीस त्या गेल्या आणि शेजारच्या बाईने फिर्याद दिली की तिने तुला जिन्यावरून पळताना पाहिलं. सहा वर्षांनी कोर्टात ती बाई काय म्हणाली? "ही रोज या वेळेला घरी जाते, एवढंच मी सांगितलं होतं. बाकीचं साहेबांनी लिहिलं. मी सही केली." तू निर्दोष सुटलीस, आणि त्या बाईला काहीही झालं नाही. मी तेव्हा आतच होते. तू सांगायला परत बरॅकमध्ये आलीस तेव्हा मी म्हटलं, त्या बाईला इथे आणून बसवायला हवं. तू बादली घासत होतीस. "तिला आणून काय करू? तिची जोडी लावू?" म्हणालीस.

आणि सुटताना काय केलंस. आपल्यात रीत होती, सुटणारीने बादली मागे ठेवायची आणि निघताना चुकूनही 'येते' म्हणायचं नाही. घरी आपण मेलं तरी 'जाते' म्हणत नाही. आत मात्र 'जाते' म्हणायचं, म्हणजे परत यावं लागत नाही. तू बादली माझ्यासमोर ठेवलीस, फाटकापर्यंत गेलीस, मागे वळलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "येते गं." बायकांनी कपाळाला हात लावला. आणि आलीसच की. तोवर मी आणि आईही सुटलो होतो, पण बाकीच्या बायकांसाठी तू पाच-सहा वर्षांनी परत गेलीस, कोट घालून, फाइल घेऊन, मुलाखतीच्या जाळीच्या दुसऱ्या बाजूने.

सनदेचं मात्र मी विसरणार नाही. फॉर्ममध्ये विचारलं होतं, कधी अटक झाली आहे का. मी म्हटलं, सुटलीस ना निर्दोष, 'नाही' लिही आणि मोकळी हो. तू 'होय' लिहिलंस, आणि जागा पुरली नाही म्हणून वेगळा कागद जोडलास. मग समिती, मग खुलासा, मग चारित्र्याचा दाखला, मग पुन्हा खुलासा. दीड वर्ष तू मुलुंडच्या त्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत दुसऱ्यांचे अर्ज टाइप करत बसलीस, स्वतःची पदवी पिशवीत. आई म्हणायची, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तू म्हणायचीस, "काकू, आम्ही कुठे शहाण्या आहोत, आम्ही रोज चढतो." माझं कायद्याचं शेवटचं वर्ष चालू आहे, तेही तुझ्यामुळे. मी ट्रॅव्हल कंपनीत सुखाने तिकिटं काढत होते.

तुझ्या भाचीच्या शाळेतला तो क्रीडादिन आठवून परवा एकटीच हसले. पीटीच्या सरांनी शर्यतीसाठी शिट्टी फुंकली आणि शंभर आईबाप बसलेले असताना आपण दोघी ताडकन उभ्या. तुझा हात माझ्याकडे आलेला, माझा तुझ्याकडे. मागची बाई म्हणाली, "ताई, बसा ना, मुलगी दिसत नाहीये." बसलो तर हसू आवरेना. तू पदर तोंडात कोंबून म्हणालीस, "शैले, निकाल लागला, पण गिनती चालूच आहे." पुढे कितीदा झालं हे. नाक्यावर ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली की सगळे चालू लागायचे आणि आपण दोघी दगडासारख्या. आपण हसण्यावारी नेलं. न्यायला नको होतं.

आता त्या दिवसाचं.

सकाळी आपल्या ऑफिसात ती हाताला प्लास्टर घातलेली बाई आली होती घाटकोपरहून. नवऱ्याने हात मोडला होता. तिला तो आत हवा होता, लवकरात लवकर. तू तिला पाणी दिलंस आणि विचारलंस, "तो आत जायला हवाय, की तो परत हात लावणार नाही हे हवंय?" ती बिचारी गोंधळली. म्हणाली, दोन्ही एकच ना? तू म्हणालीस, नाही, तो तीन महिन्यांनी बाहेर येईल, आणि येईल तो जास्त रागावून. मग तू तिच्यासाठी राहायची सोय, संरक्षणाचा आदेश, तिच्या भावाला फोन, सगळं सुरू केलंस. मला ते दिसत होतं. तरी माझं डोकं फिरलं. उंटावरून शेळ्या हाकतेस असं वाटलं मला. तिचा हात मोडलाय आणि ही तत्त्वज्ञान सांगते.

कोर्टात जायला निघालो तेव्हापासून मी सुरू. तू नेहमीचं बोललीस. तुरुंग सुधारायचे नाहीत, बंद करायचे. पंखा लावला म्हणून पिंजऱ्याची खोली होत नाही. आत गेलेला एकही माणूस आपण बरा होऊन येताना बघितलेला नाही. हे तू रिक्षावाल्यालाही ऐकवायचीस. मी म्हटलं, काही माणसं आतच हवीत. तू म्हणालीस, "आपल्यालाही तेच म्हणाले होते ना गं?" मग मी ते बोलले. मी तीन पावलं मागे होते, मुद्दाम, कारण तुझ्याबरोबर चालायचं नव्हतं. म्हटलं, "तुझं कुणी मेलं नाही म्हणून सुचतंय तुला. माझं कुणी मेलं ना, वैजू, तर मी त्याला आत सडवीन. बघच तू."

तू थांबून मागे वळलीस. उत्तर द्यायला तोंड उघडलंस. पाठ त्या नव्या टॉवरच्या फाटकाकडे होती. आणि शिट्टी वाजली.

साइटचा वॉचमन डंपर मागे येताना नेहमी वाजवायचा तीच. फळवाल्याने गाडी ओढली, एका आईने मुलीला मागे खेचलं, गल्लीतलं प्रत्येक माणूस बाजूला झालं. तू थांबलीस. मीही थांबले. तू माझ्याकडे हात केलास.

तीन पावलं होती. मी हलले असते तर तुला ओढता आलं असतं. पण मी जागेवर उभी होते, कारण शिट्टी वाजली होती. मी फक्त हात पुढे केला.

पुढचं लिहीत नाही. तुला माहीत आहे, मलाही.

लोकांनी ड्रायव्हरला खाली ओढून मारलं. वेड्यासारखा तो सारखं म्हणत होता, शिट्टी दिली होती, शिट्टी दिली होती. संध्याकाळी ठेकेदाराने वॉचमनला गावी पाठवून दिलं, कारण त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. चौकीत सगळे म्हणाले, कुणी काही वाजवलं नाही. रागात माणसाला ऐकलेलंही आठवत नाही. साहेबांनी फिर्याद माझ्या नावाने लिहिली. त्यात होतं, 'सदर इसमाने कोणताही इशारा अगर शिट्टी न देता डंपर भरधाव मागे घेतला'. वस्तीत मोर्चा निघाला, बिल्डरला प्रकरण ड्रायव्हरवर संपवायचं होतं, त्यात त्याचा परवाना लहान गाडीचा निघाला. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं आणि तो आत गेला.

न वाचता सही केली असती तर आज मला तोंड दाखवायला जागा असती. वैजू, मी वाचलं. पहिल्यांदा वाचलं, 'शिट्टी न देता' पाशी थांबले. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. तुझी शिष्या ना मी. आणि मग सही केली. म्हटलं होतं ना, सडवीन.

तुझ्या तेराव्यानंतर मी ऑफिस उघडलं. सवयीने दारापुढे उभी राहिले, कुणी उघडेल म्हणून, मग किल्ली माझ्याच हातात आहे हे लक्षात आलं. दुपारी एक बाई आली, देवनारहून, चाळिशीची, पायात दोन वेगवेगळ्या चपला. हातात तुझं कार्ड आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद.

"वैजयंतीबाई हायेत का? जामिनाचं काम हाय. शेजारणीच्या भावाला त्यांनीच सोडवलं."

मी म्हटलं, कुणाचा जामीन.

"मालकांचा. डंपर चालवत्यात. एक बाई मेली गाडीखाली. मुलुंडलाच."

मी हात पुढे केला. तिने कागद दिला. वरती मयताच्या रकान्यात तुझं नाव होतं आणि खाली फिर्यादीच्या रकान्यात माझं. एका हातात तुझं नाव छापलेलं कार्ड, दुसऱ्या हातात तेच नाव असलेला कागद, आणि ती दोन्ही घेऊन देवनारहून आली होती. तिला वाचता येत नव्हतं.

मी तिला हाकलून देऊ शकले असते. 'बाई नाहीत' एवढंच म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण समोर ती खुर्ची होती, तू ज्या खुर्चीत सगळ्यांना बसवायचीस ती, आणि ती बाई म्हणाली, "काय लिवलंय ते सांगा ना. कुणी सांगतच न्हाई."

मग मी वाचलं. तुझ्या नावापासून माझ्या नावापर्यंत. 'शिट्टी न देता' आलं तेव्हा ती मध्येच म्हणाली, "असं कसं? शिट्टीबिगर मागं घेतच न्हाईत ते. एकदा पोरगं वाचलं हुतं शिट्टीमुळं, तवापासून वॉचमन नसला तर गाडी हलवत न्हाईत." मी दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मी 'शिट्टी न देता' पाशीच थांबले. तिने मला पाणी दिलं, तुझ्याच तांब्यातलं.

तिला सांगितलं, ही मेलेली बाई म्हणजे तुम्ही ज्यांना शोधताय त्या. ही सही माझी. ती उभी राहिली. वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती पिशवी गोळा करत एवढंच म्हणाली, "तुमी व्हतात ना तितं? वाजली हुती का?"

मी तिला दुसऱ्या एका वकिलीणबाईंचा पत्ता दिला. एक तर मला सनद नाही, वर साक्षीदार असून जामिनाला उभं राहता येत नाही, एवढं तू मला शिकवलं आहेस. तो दिवस मी तुला शिव्या देण्यात घालवला. तू मला कुठे आणून ठेवलंस? तुझा मारेकरी माझ्या हातात होता, आणि तू शिकवलेली ती एक घाणेरडी सवय मला त्याला धरून ठेवू देत नव्हती.

आज सकाळी चौकीत गेले. पुरवणी जबाब द्यायचाय म्हटलं. साहेबांनी समजावलं, मॅडम, केस मोडेल, तुमचीच मैत्रीण गेलीय, आता मागे कशाला फिरता. मी म्हटलं, लिहा, शिट्टी वाजली होती.

"वाजली होती तर ती हलली का नाही? ऐकू कमी येत होतं का?"

"शिट्टी ऐकली म्हणूनच ती थांबली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. असं काही लिहिता येत नाही म्हणाले. मग मी कागद मागितला आणि स्वतःच लिहिलं. की शिट्टी वाजली, मी ऐकली, वैजयंतीनेही ऐकली. की आम्ही दोघी वर्षानुवर्षं तुरुंगात होतो, तिथे शिट्टी वाजली की जागेवर थांबायला आम्हाला शिकवलं गेलं, कोर्टाने सोडलं तरी ते अंगातून गेलं नाही. की तिने जोडीसाठी हात केला आणि मी तीन पावलांवर उभी असूनही पुढे झाले नाही, कारण मलाही तेच शिकवलेलं आहे. तीनदा वाचून काढलं आणि खाली सही केली. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "मग यात आरोपी कुणाला करू?" मी म्हटलं, ते तुम्ही शोधा, ते तुमचं काम आहे, मला पोच द्या. कुरकुरत दिली.

हे वाचून खूश होऊ नकोस. मी त्याला माफ केलेलं नाही. तो सुटला तर मला त्याचं तोंड बघायचं नाही. लहान गाडीच्या परवान्यावर त्याला डंपरवर बसवणाऱ्या ठेकेदाराला मी सोडणार नाही, आणि सोडणार नाही म्हणजे काय करणार, हे मला अजून कळलेलं नाही. तू असतीस तर तिथेच मला धरलं असतंस. काही माणसं आत हवीत, असं मला अजूनही वाटतं. फक्त आता एकाचंही नाव घ्यायला गेले की तुझा हात पुढे येतो. तू तेव्हा काय म्हणणार होतीस, वैजू? तोंड उघडलं होतंस. मी तुझी सगळी उत्तरं पाठ केलेली आहेत, त्यातलं ते कुठलं होतं, एवढं मला कळायला हवं होतं. हा हक्क तरी मला होता.

पोच पर्समध्ये टाकली आणि बाहेर आले. नाक्यावर गाड्या थांबल्या होत्या, हवालदाराने शिट्टी मारली आणि लोक रस्ता ओलांडू लागले. मी उभी. डावा हात आपोआप बाजूला गेलेला, बोटं उघडी. माणसं मला वळसा घालून जात होती. मागून एक बाई म्हणाली, "अहो, चला ना, शिट्टी आपल्यासाठीच दिलीय त्याने." मी हात खाली घेतला आणि चालायला लागले.